आईच्या फोनला रोज दोन जीबी

आईचा फोन बटणांचा आहे. त्याला टॉर्च आहे, रेडिओ आहे, आकडे एवढे मोठे आहेत की चष्म्याशिवाय दिसतात. इंटरनेट नाही. फोटो येत नाहीत, व्हिडिओ दिसत नाहीत. तरीही त्या फोनवर रोज दोन जीबी डेटा येतो, दिवसभर तसाच पडून राहतो आणि रात्री बाराला संपतो. मग लगेच नवा दोन जीबी येतो. त्याशिवाय प्लॅनच मिळत नाही, आणि प्लॅन नसेल तर फोन लागत नाही.

आईला हे समजावण्याचा प्रयत्न मी एकदाच केला.

"वापरूचो नाय, तर परत घेतत?" तिने विचारलं.

"नाही."

"शेजारणीक देवक येता?"

"नाही येत."

"मगे देतत कशाक?"

शाळेच्या ऑफिसात तीस वर्षं क्लार्की केल्यावर 'कशाला' या प्रश्नाला उत्तर नसतं हे मला ठाऊक आहे. पण आई कोकणातून आलेली, गिरणीतल्या माणसाशी संसार केलेली बाई. पदरात पडलेली वस्तू वाया घालवणं तिला पाप वाटतं. काही दिवस ती रोज विचारायची, आजचा डाटा गेला काय गो? मी म्हणायचे, गेला. ती हळहळायची. शेवटी मीच तिला खोटं सांगितलं की तो परत कंपनीकडे जातो. तेव्हा कुठे तिच्या जिवाला शांतता लाभली.

आई दहिसरला चाळीत एकटी राहते, मी घाटकोपरला. दर रविवारी दोन मेट्रो बदलून मी तिच्याकडे जाते. माझ्याकडे ये म्हणून मी सांगून सांगून थकले, पण पालथ्या घड्यावर पाणी. तिला फोन हवा असतो तो माझ्यासाठीही नाही. तिला तो हवा असतो संध्याकाळी सातला, मामाच्या मिस कॉलसाठी.

मामा तिच्याहून तीन वर्षांनी मोठा. गावी घरात एकटाच असतो. मामी गेली, मुलगा गोव्यात नोकरीला आहे. रोज दिवेलागणीला तो आईच्या फोनवर एक रिंग देतो आणि ठेवतो. म्हणजे मी बरा आहे. मग आई देवाजवळची वात सारखी करते आणि त्याला एक रिंग देते. म्हणजे मीही बरी आहे. बस, एवढंच. बोलणं नाही. फोनचे पैसे मिनिटावर लागायचे तेव्हा ही पद्धत सुरू झाली आणि बोलणं फुकट झाल्यावरही तशीच राहिली. मामाला ऐकू कमी येतं, आई ओरडून बोलते, आणि दोन वाक्यांत भांडण लागतं. त्यापेक्षा रिंग बरी, असं दोघांचं न बोलता ठरलेलं होतं.

पाठोपाठ दोन रिंगा आल्या तर मात्र काहीतरी वाईट घडलंय असं समजायचं. मामी गेली तेव्हा तशा दोन आल्या होत्या. आईने फोन हातात धरूनच रडायला सुरुवात केली होती, कोण गेलं हे कळायच्या आधी.

नऊ वर्षांपूर्वी, बाबांच्या तेराव्याला, ही भावंडं शेवटची भेटली होती. त्यानंतर तिचे गुडघे गेले, त्याची कंबर गेली, आणि दोघांमध्ये राहिली ती संध्याकाळची रिंग. वर्षात एकही दिवस ती चुकत नसे.

हे सगळं मला माहीत होतं. माहीत असून मी जे केलं ते सांगते.

झालं असं की आता कंपन्यांना फक्त बोलण्याचा प्लॅन द्यावाच लागतो, डेटा नसलेला, असं मी पेपरात वाचलं. वाचून मला इतका आनंद झाला की ते कात्रण मी कापून पर्समध्ये ठेवलं. आईचा प्लॅन त्याच आठवड्यात संपत होता. मी ॲप उघडलं. रोज दीड जीबी, रोज दोन जीबी, रोज अडीच जीबी, सोबत सिनेमे, सोबत क्रिकेट, सोबत गाणी. नुसतं बोलणं कुठेच नाही. खाली, त्याच्याही खाली, आणखी पहा, सर्व पहा. बोट दुखेपर्यंत पाहिलं. नाहीच.

मग कस्टमर केअर. मराठीसाठी तीन दाबा म्हणाले, मी तीन दाबलं, पुढे हिंदी लागलं. बाईच्या आवाजातलं यंत्र मला पुन्हा पुन्हा तेच डेटाचे प्लॅन वाचून दाखवत राहिलं. माणसाशी बोलायचंय असं मी चार वेळा म्हटलं. यंत्र म्हणालं, तुम्ही काय म्हणालात ते समजलं नाही.

संध्याकाळी शाळा सुटल्यावर घाटकोपरच्या गॅलरीत गेले. गॅलरी म्हणजे कंपनीचं दुकानच, पण तिथे टोकन घेऊन बसावं लागतं. पाऊण तासाने माझा नंबर आला. समोर माझ्या मुलीच्या वयाची, कोट घातलेली, दमलेली मुलगी.

"मॅम, तो प्लॅन आईंच्या नंबरला शो होत नाहीये."

"मग कोणाच्या नंबरला शो होतो?"

"ते आम्हाला नाही ना कळत. सिस्टीम ठरवते."

मी पर्समधलं कात्रण काढून तिच्यासमोर ठेवलं. तिने ते वाचलंही नाही. आपुलकीने म्हणाली, "पण मॅम, तुम्ही त्रास का करून घेताय? डेटा नाही वापरायचा तर नका वापरू. राहू दे ना पडून."

"अगं, जुडीभर मेथी मागितली तर म्हैसही घ्यायलाच लागेल म्हणता तुम्ही. आणि वर म्हणता, नका पिऊ दूध."

ती हसली. माझ्या मागचा माणूसही हसला. मग तिने मला आईसाठी स्मार्टफोन दाखवायला घेतला, हप्त्यावर. तिथे माझं डोकं सरकलं. मी भांडकुदळ नाही. घरी कोणी ओरडलं तर मी गप्प बसते, शाळेत हेडबाई बोलल्या तर गप्प बसते. तीस वर्षं गप्प बसलेली बाई एकदा बोलायला लागली की कुठे थांबावं ते तिला कळत नाही. मी तिथेच जाहीर केलं की डेटाशिवायचा प्लॅन मिळेपर्यंत मी एक रुपयाही भरणार नाही. तक्रार लिहून घ्या. त्या मुलीने मुकाट्याने घेतली. फोनवर मेसेज आला, तक्रारीचा नंबर आणि सात दिवसांत निवारण.

बाहेर पडताना मला झकास वाटत होतं, हे कबूल करते. फार दिवसांनी पाठ ताठ झाली होती. घरी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, भर ना मुकाट्याने, आपण काय आंदोलन करणार आहोत? मी म्हटलं, तुझ्यासारख्यांमुळेच ही वेळ येते. त्याने टीव्हीचा आवाज वाढवला.

बुधवारी आईचा प्लॅन संपला. माझा हिशोब असा होता की आउटगोइंग बंद झालं तरी इनकमिंग काही दिवस चालू राहतं, तेवढ्यात तक्रारीचं काहीतरी होईल. मामाची रिंग येत राहील, आईची काळजी मिटेल. तिची रिंग त्याला जाणार नाही, हे माझ्या लक्षातच आलं नाही. खरं सांगायचं तर लक्षात आलं होतं. चार दिवसांनी काय बिघडतंय, असं मी स्वतःला सांगितलं.

गुरुवारी आईने शेजारणीच्या फोनवरून मला विचारलं, "गो, माझी रिंग जायत नाय. बाई कायतरी बोलता नि बंद करता."

"अगं, दोन दिवस थांब. मी कंपनीशी भांडतेय."

"कशाक भांडतस?"

"तुझ्या डेटासाठी."

"माका नको तो डाटा."

"म्हणूनच भांडतेय ना आई!"

ती 'बरा' म्हणाली. आपली मुलगी तिच्यासाठी भांडतेय याचा तिला अभिमान वाटला असावा. शेजारणीच्या फोनवरून मामाला रिंग दे, असं मी तिला सुचवलं. ती म्हणाली, ती रिंग माझी हे त्याला कसं कळणार? आणि दुसऱ्याचा नंबर तो उचलत नाही. तेही माझंच शहाणपण. फसवणुकीचे फोन येतात म्हणून अनोळखी नंबर घेऊ नको आणि त्यावर उलटा फोनही करू नको, असं मीच त्याला बजावून ठेवलं होतं.

शनिवारी इनकमिंगही बंद झालं. मला वाटलं होतं त्याच्या कितीतरी आधी. सात वाजले, सव्वासात झाले, आईचा फोन वाजला नाही.

रविवारी मी गेले तेव्हा ती दारातच बसली होती. जेवली नव्हती. फोन मांडीवर घेऊन म्हणाली, "दादाची रिंग काल येवक नाय. त्याका बरा नसतला."

"आई, त्याला काही झालेलं नाही. तुझा फोन बंद आहे."

"ता माका म्हायत हा. पण रिंग येवक नाय मां?"

मी सोमवारची रजा टाकली होती, रात्री राहणारच होते. उद्या सकाळी मुकाट्याने रिचार्ज मारू, असं मनाशी ठरवलं. उद्या, हं. तेव्हा लगेच नाही. तक्रारीचे सात दिवस सोमवारी पुरे होत होते आणि माझी ऐट अजून पुरती उतरली नव्हती. सात वाजता आई म्हणाली, "तुझ्या फोनावरसून त्याका एक रिंग दी. उचलूचो नाय, पण वाजलेली कळात." आणि ती चहा टाकायला आत गेली.

मी मामाचा नंबर लावला. माझा नंबर त्याच्या फोनात नव्हता. गावात रेंज अशी की नुसती खरखर. वाजला की नाही कळलं नाही, म्हणून मी कापला. परत लावला. या वेळी स्वच्छ वाजला. एक रिंग होऊ देऊन मी ठेवला. आईला म्हटलं, दिली. तिने चहा प्यायला, मग दोन घास भात खाल्ला. मला बरं वाटलं.

सोमवारी सकाळी आठच्या सुमारास आई दारात बसून वाल सोलत होती. मी आत पाणी भरत होते. गल्लीत कोणीतरी थांबल्यासारखं वाटलं म्हणून बाहेर पाहिलं. मामा उभा होता. पांढरा सदरा, खांद्यावर पंचा, दाढी वाढलेली. एक हात शेजारच्या भिंतीवर टेकलेला. अख्खी रात्र बसमध्ये काढून तो आला होता. कंबरेचा पट्टा सदऱ्याच्या वरूनच बांधला होता.

आईने त्याच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. तिने पाहिलं त्याच्या हातांकडे.

कोकणातला माणूस मुंबईला रिकाम्या हाताने येत नाही. नारळ आणील, कोकमं आणील, सुंगटं म्हणजे सुकी कोळंबी आणील, काहीच नसेल तर परसातली चार केळी आणील. पिशवी फाटेल, पण घेऊन येईल. रिकाम्या हाताने तो जातो ते फक्त मयताच्या घरी.

आईच्या हातातला वाल खाली पडला. मामा शेजारणीच्या ओट्यावर बसला.

"जिती असस?" तो म्हणाला.

आईने मांडीवरचं सूप बाजूला सारलं.

"तीन दिस तुझी रिंग नाय. मगे फोन बंद. आणि काल सांजेक परक्या नंबरावरसून दोन रिंगा." त्याने बोटांनी दोन दाखवले. "पाठोपाठ."

दोन. मी दारात कळशी घेऊन उभी होते. पहिली रिंग, जी वाजली नाही असं मला वाटलं होतं, ती तिकडे वाजली होती. मला इतकी लाज वाटली की कळशी खाली ठेवायचंही सुचेना.

"मेल्या," आई ओरडली, तिचा आवाज फाटला होता, "त्या नंबरावर फोन करूक नको? इचारूक नको?"

"माका फोनार ऐकूचा नाय हुता," मामा म्हणाला. आणि पंच्याने तोंड झाकून तो रडायला लागला. एकोणऐंशी वर्षांचा माणूस, भर गल्लीत, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर. आईने उठायचा प्रयत्न केला, गुडघ्यांनी उठू दिलं नाही, तेव्हा ती बसल्या जागेवरूनच सरकत सरकत त्याच्यापर्यंत गेली आणि त्याचा पाय धरून बसली. ती रडत नव्हती. "असंय रे, मी जिती असंय," एवढंच म्हणत होती.

मी आत गेले आणि माझ्या फोनवरून आईचा रिचार्ज केला. अर्धं मिनिट लागलं. रोज दोन जीबी. कात्रण पर्समध्येच होतं. ते फाडून टाकावंसं वाटलं, पण तेवढाही जोर अंगात नव्हता. ज्या कंपनीशी मी भांडत होते तिला मी भांडतेय हेही कळलं नव्हतं, आणि मार बसला तो दहिसरच्या गल्लीत बसलेल्या दोन म्हाताऱ्यांना. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दुपारी कंपनीचा मेसेज आला. तुमच्या तक्रारीचं समाधानकारक निवारण झालं आहे, आम्हाला किती तारे द्याल? मी फोन उलटा करून ठेवला.

मामा दोन दिवस राहिला, म्हणून मीही रजा वाढवली. आईने त्याला बांगडे तळून घातले, मला हात लावू दिला नाही. दोघं भांडली. लहानपणी विहिरीत कोणी कोणाला ढकललं यावर एक अख्खी दुपार गेली. शेजारणी येऊन बघून जात होत्या. आई इतकी बोलताना मी बाबा गेल्यापासून पाहिली नव्हती. संध्याकाळी सात वाजले की समोर भाऊ बसलेला असूनही तिची नजर फोनकडे जायची, मग ती स्वतःशीच हसायची. त्या दोन दिवसांत मला कोणी दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. मामाने फक्त एकदा विचारलं, काय गो, भांडण जिंकलंस? मी नाही म्हणून मान हलवली. तो म्हणाला, जावंदे.

बुधवारी त्याला बसवून द्यायला मी हायवेपर्यंत गेले. आईने दिलेली पिशवी माझ्या हातात होती, चपात्या, चिवडा, औषधाची बाटली. बस उशिरा होती. मामा स्टॉपच्या कठड्याला टेकून उभा होता, दर थोड्या वेळाने कंबरेचा पट्टा सारखा करत. मध्येच म्हणाला,

"बाय, एक सांगतंय. तुझ्या आवशीक सांगा नको."

"काय मामा?"

"आता खरांच काय झाला, तर माका कळव. पण मी येवचंय नाय." त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, रस्त्याकडे बघत बोलत होता. "ह्या वाटेन परत येवचा आंग नाय माझा. तिच्यासाठी मी रातभर रडत एकदा इलंय. तीच खेप धर."

मी धरते म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? बस आली, कंडक्टरने त्याला दंडाला धरून वर घेतलं, मी खिडकीतून पिशवी दिली.

परत आले तेव्हा आई दारातच होती. गाडी मिळाली का, खिडकी मिळाली का, पाणी दिलंस का, सगळं विचारून झालं. मग म्हणाली, "आता त्याका गणपतीत बोलव. बरा वाटला त्याका हंय. येतलो तो, बोलवलंस तर."

मी म्हटलं, "बोलावते."